फॅट, एसएनएफ आणि पासबुक

राधानगरी तालुक्यातल्या कुठल्याही गावी सकाळी दूध संस्थेपुढे रांग लागलेली असते. किटलीतलं दूध मापात ओतलं जातं, थोडं दूध नमुना म्हणून यंत्रात जातं आणि कागदाची एक चिंचोळी चिठ्ठी बाहेर येते. तारीख, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. बहुतेक ठिकाणी ही सगळी अक्षरं इंग्रजी. तरीही कधी शाळेची पायरी न चढलेली म्हातारी ती चिठ्ठी हातात घेते, एका नजरेत वाचते आणि मोजणाऱ्या पोराला सवाल करते, "काल सात-दोन लागली हुती, आज सहा-सहाच कशी रे?"

एसएनएफ ही तीन अक्षरं कुठल्या इंग्रजी शब्दांची, हे तिला माहीत नसतं. स्निग्धांश सोडून दुधात उरणारे घन पदार्थ, हा त्याचा शास्त्रीय अर्थही तिला कुणी सांगितलेला नसतो. पण म्हशीच्या दुधाचा दर साधारण ६ फॅट आणि ९ एसएनएफ धरून ठरतो, गाईचा ३.५ आणि ८.५ धरून, आणि त्यात पॉइंट घसरला की बिलाला किती चाट बसते, हे तिला तोंडपाठ असतं. पैसा ज्या अक्षरांवर अवलंबून, ती अक्षरं माणूस शिकतोच.

तीच म्हातारी बँकेच्या काउंटरवर गेली की पासबुक न उघडताच पुढे सरकवते. "किती हाईत तेवढं बघा." आत छापलेल्या ओळींकडे ती पाहतही नाही. खरं तर बँकेची रोजच्या वापरातली इंग्रजी दूध संस्थेच्या चिठ्ठीपेक्षा फार मोठी नाही. पन्नासेक शब्द आणि आद्याक्षरं समजली की सामान्य खातेदाराचं जवळपास सगळं काम भागतं. शिवाय नियम खातेदाराच्या भाषेच्या बाजूने आहेत, ही गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते.

पैसा येतो कुठून

या तालुक्यात घरात पैसा मुख्यतः तीन वाटांनी येतो. पहिली वाट दुधाची. १९६३ साली स्थापन झालेला कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे 'गोकुळ', गावोगावच्या संस्थांना दर दहा दिवसांनी बिल देतो. संस्था त्यातून पेंडीचे, ॲडव्हान्सचे पैसे वळते करून घेते आणि उरलेले सभासदाला देते, कुठे रोख, कुठे खात्यावर. दिवाळीच्या तोंडावर येणारं 'फरक बिल', म्हणजे वर्षभराच्या दुधावरचा दरफरक, वेगळं. अनेक घरांची दिवाळी त्याच्यावरच असते.

दुसरी वाट उसाची. तालुक्यातला ऊस परितेच्या भोगावती आणि बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा या सहकारी कारखान्यांकडे जातो. ऊस गाळपाला गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपीची, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दराची रक्कम देणं कारखान्यावर बंधनकारक आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात तशी तरतूद आहे आणि उशीर झाला तर १५ टक्के दराने व्याज द्यावं लागतं. पण शेतकऱ्याच्या हातात पडतो तो आकडा आणि टनेजला दर लावून येणारा आकडा यांत तफावत असते. तोडणी-वाहतूक हिशेबात धरलेली असते आणि गावच्या विकास सेवा संस्थेचं पीककर्ज बिलातूनच वसूल झालेलं असतं. विकास संस्था, तिच्यावर कोल्हापूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आणि तिच्यावर राज्य सहकारी बँक अशी ही तीन पायऱ्यांची रचना. लोक थोडक्यात विकास संस्थेला 'सोसायटी' आणि जिल्हा बँकेला 'केडीसी' म्हणतात.

तिसरी वाट सरकारी अनुदानांची. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये, राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे हप्ते आणि २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये.

पूर्वी चौथी वाटही जोरात होती. मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या माणसाची मनिऑर्डर. पोस्टमन दारात यायचा, नोटा मोजून हातावर ठेवायचा, कागदावर अंगठा घ्यायचा आणि खालच्या कोपऱ्यातला चार ओळींचा मजकूर वाचूनही दाखवायचा. १८८० साली सुरू झालेली ही सेवा जुन्या कागदी रूपात २०१५ मध्ये बंद पडली. पोस्टमन पैशाबरोबर मजकूरही वाचून द्यायचा. आज ते वाचणं ज्याचं त्याने करायचं आहे.

पासबुकाची एक ओळ

पासबुकात बहुतेक गोंधळ दोन अक्षरजोड्यांपाशी होतो. डीआर आणि सीआर. डेबिट म्हणजे नावे, क्रेडिट म्हणजे जमा. नावे पडले की शिल्लक कमी, जमा झाले की जास्त. पेठेतल्या अडत्याच्या वहीत पिढ्यान् पिढ्या जमा-नावे लिहिलं जात आलं आहे, त्यामुळे कल्पना कुणाला नवी नाही.

पण इथे एक शंका रास्तपणे येते. खात्यावर 'क्रेडिट' झालं म्हणजे पैसे आले, मग क्रेडिट कार्डाने मात्र कर्ज कसं होतं? उत्तर सोपं आहे. पासबुक ही खातेदाराची वही नाही, बँकेच्या खतावणीतल्या पानाची ती नक्कल आहे. खातेदाराने ठेवलेले पैसे बँकेला परत द्यायचे असतात, म्हणून बँक ते त्याच्या नावावर जमा दाखवते. क्रेडिट कार्डात बँक स्वतःचे पैसे उधार देते. शब्दाच्या मुळाशी दोन्हीकडे विश्वास आहे. एकदा खातेदाराने बँकेवर ठेवलेला, एकदा बँकेने खातेदारावर.

आता ओळीकडे वळू. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात तपशील, मग चेक नंबर, नावे, जमा, शिल्लक. कळ असते ती तपशिलाच्या रकान्यात. 'बाय' ने सुरू होणारी नोंद साधारणपणे जमेची, 'टू' ने सुरू होणारी नावेची. ही इंग्रजी हिशेबपद्धतीची जुनी रीत अजून काही बँकांच्या छपाईत टिकून आहे. 'सीएसएच' म्हणजे रोख, 'टीआरएफ' म्हणजे एका खात्यातून दुसऱ्यात वळती केलेली रक्कम, 'सीएलजी' म्हणजे क्लिअरिंगमधून आलेला किंवा गेलेला चेक, 'डब्ल्यूडीएल' म्हणजे काढलेली रक्कम, 'आयएनटी' म्हणजे व्याज, 'सीएचजी' म्हणजे बँकेने लावलेला आकार. 'एनएसीएच' किंवा 'एसीएच' दिसलं की समजावं, कुठला तरी हप्ता किंवा अनुदान आपोआप वळतं झालं.

मे-जूनच्या सुमाराला खेड्यापाड्यांतल्या कित्येक पासबुकांत दोन छोट्या रकमा नावे पडलेल्या दिसतात. एक २० रुपयांची, दुसरी ४३६ रुपयांची. "बँकेनं पैसे कापले" अशी ओरड होते. वीस रुपये पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे असतात. अपघाती मृत्यू झाल्यास वारसाला दोन लाख. चारशे छत्तीस जीवनज्योती विमा योजनेचे. मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी दोन लाख. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे. ही ओळ न वाचल्याचा तोटा कापलेल्या पैशांपुरता नसतो. घरातला माणूस गेल्यावर विमा होता हेच कुणाला आठवत नाही आणि दावा करायचा राहून जातो.

तपशील अगम्य असेल तर तो समजेल असा मागता येतो. पैसे कुणाला गेले, कोणत्या मार्गाने गेले, आकार कशाबद्दल लावला, हे पासबुकात पुरेशा तपशिलासह द्यावं, असे आदेश रिझर्व्ह बँकेने जून २०१७ मध्ये दिले आहेत. खातं उघडण्याचा अर्ज, पैसे भरण्याची स्लिप, पासबुक अशी ग्राहकाच्या हातात जाणारी सगळी छपाई इंग्रजी, हिंदी आणि त्या राज्याची भाषा अशा तिन्ही भाषांत उपलब्ध असावी, अशीही सूचना आहे. राधानगरीच्या शाखेत मराठी स्लिप मागणं हा हट्ट ठरत नाही.

चेकचं पान

चेकबद्दल सगळ्यांत मोठा गैरसमज म्हणजे तो इंग्रजीतच लिहावा लागतो. तसं मुळीच नाही. चेकचा कोरा फॉर्म हिंदी-इंग्रजीत छापलेला असतो, पण तो हिंदी, इंग्रजी किंवा प्रादेशिक भाषेत भरण्याची मुभा आहे. राष्ट्रीय शक दिनदर्शिकेप्रमाणे हिंदीत घातलेली तारीखसुद्धा बँकेने स्वीकारायची असते. 'अक्षरी रुपये बारा हजार पाचशे मात्र' हा चेक महाराष्ट्रात कुठेही वटला पाहिजे.

पानावरची एकेक गोष्ट पाहू. डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा मारून मध्ये 'अकाउंट पेयी' लिहिलं की ती रक्कम नाव लिहिलेल्या माणसाच्या खात्यातच जाते, काउंटरवर रोख मिळत नाही. नावाच्या ओळीच्या शेवटी छापलेला 'ऑर बेअरर' खोडला नाही आणि रेघाही मारल्या नाहीत, तर चेक घेऊन जाईल त्याला पैसे मिळू शकतात. 'सेल्फ' लिहिलेला चेक स्वतःचे पैसे काढण्यासाठी. अंकातली आणि अक्षरी रक्कम वेगळी पडली तर १८८१ चा परक्राम्य संलेख कायदा अक्षरी रक्कम खरी मानतो. व्यवहारात मात्र बँका असा चेक परतच करतात. खाडाखोड चालत नाही, नवं पान घ्यावं. चेकचं आयुष्य तारखेपासून तीन महिने. २०१२ च्या एप्रिलपूर्वी ते सहा महिने होतं, त्यामुळे जुनी माणसं अजून सहा महिन्यांच्या भरवशावर चेक पेटीत ठेवून देतात.

तळाच्या पांढऱ्या पट्टीवर चुंबकीय शाईत आकडे छापलेले असतात. त्यांतला नऊ आकड्यांचा गट एमआयसीआर कोडचा. पहिले तीन आकडे गावाचे, पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. कोल्हापूरचा आकडा ४१६, म्हणजे राधानगरीच्या ४१६२१२ या पिनकोडची सुरुवात. शाखेची ओळख सांगणारा दुसरा कोड, आयएफएससी, अकरा अक्षरांचा असतो. पहिली चार बँकेची, पाचवं कायम शून्य, शेवटची सहा शाखेची. ते पाचवं शून्य लोक इंग्रजी 'ओ' समजून लिहितात आणि फॉर्म परत येतो. काही सहकारी बँकांचा आयएफएससी दुसऱ्याच मोठ्या बँकेच्या अक्षरांनी सुरू होतो, कारण त्या तिच्यामार्फत देशाच्या पेमेंट व्यवस्थेला जोडलेल्या असतात. त्यात काही गडबड नसते.

दूध संस्था, कारखाना किंवा योजनेचं कार्यालय 'कॅन्सल्ड चेक' मागतं ते एवढ्याचसाठी. नाव, खाते क्रमांक, आयएफएससी आणि एमआयसीआर एकाच पानावर छापील मिळतात. त्यावर आडवं 'कॅन्सल्ड' किंवा 'रद्द' लिहावं, सही करू नये.

चेक न वटता परत आला तर सोबत कारणाची चिठ्ठी येते. 'फंड्स इनसफिशियंट' म्हणजे खात्यात पुरेसे पैसे नाहीत. ही चिठ्ठी फेकायची नाही. येणं असलेल्या रकमेचा चेक असा परत आला तर परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली दाद मागता येते. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, समोरच्याला पैसे देण्यासाठी १५ दिवस, आणि तरीही दिले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात न्यायालयात तक्रार. यातली एक तारीख चुकली की बाजू बरोबर असूनही प्रकरण लंगडं पडतं.

'लिंक' एक, 'सीडिंग' दुसरं

ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले हप्ते जमा होऊ लागले तेव्हा राज्यभर बँकांपुढे बायकांच्या रांगा लागल्या. अनेकींचा एकच प्रश्न होता, अर्ज मंजूर झाला, मेसेज आला, मग पैसे गेले कुठे? कित्येकींचे पैसे आलेले होते, पण भलत्याच खात्यात. कधी काळी जनधनचं म्हणून उघडलेलं, विसरलेलं खातं. कधी बचत गटाच्या कामासाठी दुसऱ्या बँकेत काढलेलं.

हा घोळ समजून घेतला पाहिजे. आधार क्रमांक एकापेक्षा जास्त खात्यांना जोडलेला असू शकतो. पण सरकारी अनुदान आधारच्या वाटेने येतं तेव्हा खाते क्रमांक पाहिला जात नाही. राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या, म्हणजे एनपीसीआयच्या नोंदवहीत त्या आधार क्रमांकापुढे ज्या बँकेचं नाव असेल तिथे पैसे जातात. त्या वहीत एका आधारपुढे एकच बँक असते, सर्वांत शेवटी नोंदवलेली. या नोंदीला 'सीडिंग' म्हणतात. काउंटरवर "आधार लिंक आहे" एवढं ऐकून परतलेल्या बाईचं काम अर्धंच झालेलं असतं. तिने विचारायला हवं, "डीबीटीसाठी, म्हणजे थेट अनुदानासाठी, सीडिंग याच खात्याला आहे का?" आधारच्या संकेतस्थळावर ते स्वतःलाही पाहता येतं.

दाजीपूरच्या बाजूच्या वाड्यांवरून बँकेची शाखा गाठायची म्हणजे एक दिवस मोडतो. अशा ठिकाणी बँकमित्र, म्हणजे गावात बँकेच्या वतीने व्यवहार करणारा प्रतिनिधी, उपयोगी पडतो. रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये या पद्धतीला परवानगी दिली. त्याच्या हातातल्या यंत्रावर अंगठा ठेवला की आधारच्या आधारे पैसे काढता येतात. इथे दोन गोष्टी सांभाळायच्या. शेतात राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, अंगठा पहिल्या वेळी उमटत नाही आणि पुन्हा पुन्हा ठेवावा लागतो. दर वेळी यंत्राने काय म्हटलं ते विचारावं. 'फेल्ड' म्हणजे व्यवहार झाला नाही, 'सक्सेस' म्हणजे झाला. आणि पावती घेतल्याशिवाय उठू नये.

पिन कधी टाकायचा

यूपीआयची सुरुवात ११ एप्रिल २०१६ ला मुंबईत झाली. आज आठवडे बाजारात भाजीवालीपुढे क्यूआर कोडची पाटी असते आणि पैसे जमा झाल्याचं मराठीत ओरडणारा डबा टपरीवरही दिसतो. साध्या बटणांच्या फोनवरूनही यूपीआय चालतं. त्यासाठी मार्च २०२२ मध्ये '१२३पे' सेवा आली.

ॲपची भाषा मराठी करता येते, तरी बहुतेकांच्या फोनवर ती इंग्रजीच राहते. तिथे चार शब्द पक्के असले पाहिजेत. 'पे' म्हणजे द्या. 'रिक्वेस्ट' म्हणजे मागा. 'अप्रूव्ह' म्हणजे मंजूर, 'डिक्लाइन' म्हणजे नको. फसवणुकीचा एक नेहमीचा प्रकार याच शब्दांवर चालायचा. म्हैस विकायची जाहिरात टाकली की फोन यायचा, "ॲडव्हान्स पाठवतोय, अप्रूव्ह करून पिन टाका." फोन करणारा पैसे पाठवत नसे, मागत असे. व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, पण पिन काढून घेण्याच्या नव्या युक्त्या निघतच राहतात. नियम एकच, पैसे घेताना पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, नाहीतर शिल्लक दिसते. तिसरं काही होत नाही.

तरीही फसवणूक झाली तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर करायचा, दुसरा बँकेला. घोटाळा बँकेच्या किंवा ग्राहकाच्या चुकीने नव्हे, तिसऱ्याच ठिकाणी झाला असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान ग्राहकावर पडत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम आहे. पिन स्वतःच सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान स्वतःचं. म्हणून "उद्या बघू" महाग पडतं.

यूपीआयखेरीज एका खात्यातून दुसऱ्यात पैसे पाठवायचे तर मोठ्या रकमेसाठी आरटीजीएस, किमान दोन लाखांपासून. त्याखालच्या रकमेसाठी एनईएफटी किंवा आयएमपीएस. तिन्ही आता चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालतात. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये पैसे पाठवण्याआधी समोरच्या खातेदाराचं नाव पडद्यावर दाखवण्याची सोय बँकांनी करायची आहे. ते नाव वाचूनच पुढे जावं, कारण चुकीच्या खात्यात गेलेले पैसे त्या माणसाच्या संमतीशिवाय परत आणणं जिकिरीचं होतं.

दोन नावांचं खातं

नवरा-बायकोचं जोडखातं काढताना फॉर्मवर एक चौकट असते, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'. दोघांपैकी कुणीही एक किंवा हयात असेल तो. ही चौकट निवडली तर एकाच्या सहीने व्यवहार होतो आणि एक गेल्यावर दुसऱ्याला पैसे मिळतात. 'जॉइंटली' निवडलं तर दर वेळी दोघांच्या सह्या लागतात. फॉर्म भरणारा कारकून घाईत कुठली तरी एक चौकट टिक करतो आणि तिचा अर्थ घरात वाईट प्रसंग ओढवल्यावर कळतो.

'नॉमिनी' चंही तसंच. नॉमिनी म्हणजे बँकेने पैसे कुणाच्या हाती द्यायचे तो माणूस. कायद्याने तो मालक होतोच असं नाही, वारसांचा हक्क त्याने संपत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येतं. दोन वर्षं ग्राहकाने व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं आणि दहा वर्षं पडून राहिलं की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते. तिथूनही खातेदाराला किंवा वारसाला ती मागता येते. अशा ठेवी शोधण्यासाठी २०२३ मध्ये 'उद्गम' हे पोर्टल सुरू झालं.

एवढं करूनही काउंटरवर दाद लागली नाही तर लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. चौकशीसाठी क्रमांक १४४४८, शुल्क काही नाही. नोव्हेंबर २०२५ पासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही या योजनेखाली आल्या आहेत. टपालाने पाठवायच्या तक्रारी चंदीगडच्या केंद्रात जातात आणि तिथे त्या कोणत्याही भाषेत स्वीकारल्या जातात. वहीच्या पानावर मराठीत लिहिलेली तक्रारही चालते. सोबत पासबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स आणि बँकेने दिलेली पोच मात्र जोडायची.